सुप्रजाजननाचा इतिहास लिहायचा तर आधी मोजायला शिका

युजेनिक्स, म्हणजे 'चांगल्या' माणसांची संतती वाढवून आणि 'वाईट' माणसांची रोखून वंश सुधारू पाहणारी सुप्रजाजननाची विद्या. तिच्यावर पीएचडी करायला येणारे बहुतेक जण संतापाने सुरुवात करतात. संताप रास्तच आहे, पण अर्काइव्हमध्ये तीन-चार वर्षं बसायला तो पुरत नाही. काही महिन्यांत ओसरतो आणि समोर उरतात ते फॉर्म. नाकाची उंची, नाकाची रुंदी, डोक्याची लांबी, डोळ्यांचा रंग, आजोबांचं व्यसन, मोजणाऱ्याची सही. असे शेकडो, कधी हजारो. ते वाचता येत नसतील तर एकच गोष्ट करता येते. त्या शास्त्रज्ञांची भाषणं वाचायची आणि 'हे लोक वंशवादी होते' असं तीनशे पानांत लिहायचं. ते वंशवादी होतेच, पण हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या विषयात इतिहासकाराला मोजता आलं पाहिजे. कॅलिपर, म्हणजे दोन पायांमधलं अंतर मोजायचं साधन, कुठे टेकवतात, शेवटचा अंक कुठल्या बाजूला ढकलला जातो, सरासरी काढताना कोण गळतं, हे हाताला माहीत असलं तरच गडबड नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते सापडतं. दरवेळी ती मोजण्यात झालेली नसते. बऱ्याचदा मोजमाप चोख असतं आणि घोळ आधीच्या किंवा नंतरच्या पायरीवर असतो.

त्याआधी शब्दांचं बघू, कारण कॅटलॉगमध्ये चुकीचा शब्द टाकला तर अर्धं साहित्य दिसतच नाही. 'युजेनिक्स' हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८३ साली घडवला. जर्मनीत आल्फ्रेड प्लोएट्झने १८९५ मध्ये 'रासेनहिगिएन', म्हणजे वंशस्वच्छता, हा शब्द रूढ केला. मराठीत सुप्रजाजनन, सुप्रजनन असे दोन-तीन शब्द फिरत राहिले, तेव्हा जुनी मासिकं चाळताना सगळीच रूपं शोधावी लागतात. खरी अडचण मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. शब्द गेला, संस्था राहिल्या. 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स' हे कार्ल पिअर्सनने १९२५ मध्ये सुरू केलेलं नियतकालिक १९५४ पासून 'अॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातलं गाल्टनच्या मृत्युपत्रातल्या पैशांवर उभं राहिलेलं युजेनिक्सचं अध्यासन १९६३ मध्ये मानवी आनुवंशिकीचं झालं. ब्रिटनची युजेनिक्स सोसायटी १९८९ मध्ये गाल्टन इन्स्टिट्यूट झाली आणि २०२१ मध्ये अडेल्फी जेनेटिक्स फोरम. त्यामुळे १९५० नंतरच्या काळासाठी 'मानवी आनुवंशिकी', 'सामाजिक जीवशास्त्र', 'लोकसंख्या', 'जेनेटिक काउन्सेलिंग' असे शब्द घेऊन पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. हा शेवटचा शब्द, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना दिला जाणारा सल्ला, शेल्डन रीडचा, १९४७ चा. रीड मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट इन्स्टिट्यूटचा संचालक होता. अमेरिकेतलं युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस बंद झाल्यावर त्याची कौटुंबिक कागदपत्रं १९४८ मध्ये याच इन्स्टिट्यूटकडे गेली. कपाटं तीच, पाटी नवी. पण म्हणून सल्ला देणारा प्रत्येक जण लपलेला युजेनिस्ट होता असं म्हणणं हा आळशीपणा आहे. त्याच कपाटातून कोणी काय काढलं, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

आता मोजणं. डोकं मोजायला बाकदार पायांचा कॅलिपर लागतो. पायांची टोकं बोथट, गोल असतात, आडव्या पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. लांबी घेताना डाव्या हाताने एक टोक दोन भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर धरून ठेवायचं, दुसरं टोक डोक्याच्या मागच्या बाजूला बरोबर मध्यरेषेवरून वर-खाली सरकवायचं आणि सर्वांत मोठा आकडा टिपायचा. रुंदी कानांच्या वर, जिथे सर्वांत जास्त भरेल तिथे, दोन्ही टोकं एका पातळीत ठेवून. रुंदी भागिले लांबी गुणिले १०० म्हणजे शीर्षनिर्देशांक. स्वीडनच्या आंडर्स रेट्झियसने १८४० च्या दशकात लांब डोकं आणि रुंद डोकं असे दोन वर्ग पाडले. पुढे ७५ च्या खाली लांब, ७५ ते ८० मध्यम, ८० च्या वर रुंद अशा रेघा रूढ झाल्या.

एक डोकं घेऊन बघा. लांबी १८८, रुंदी १५०. निर्देशांक ७९.८, म्हणजे मध्यम. आता कॅलिपरचं मागचं टोक किंचित खाली राहिलं, किंवा मोजणाऱ्याने जरा दाबून धरलं आणि लांबी १८६ आली. निर्देशांक ८०.६. त्याच माणसाचं डोकं रुंद झालं. फरक दोन मिलिमीटरचा, आणि दाट केस व कातडी यांतच तेवढा जाऊ शकतो.

नाकाची गोष्ट याहून वाईट. नाकपुड्यांची रुंदी भागिले नाकाची उंची गुणिले १००. सत्तरच्या खाली अरुंद, ८५ च्या वर रुंद, मधले मध्यम. रुंदी ३६ आणि उंची ५१ असेल तर ७०.६ येतात, उंची ५२ भरली तर ६९.२. इथे वर्ग बदलायला एकच मिलिमीटर पुरतो, कारण छेदच लहान आहे. शिवाय उंचीचं वरचं टोक म्हणजे नाकाचं मूळ. कवटीवर तिथे हाडांचा सांधा डोळ्यांनी दिसतो, जिवंत माणसाच्या कातडीखाली तो बोटाने चाचपून ठरवावा लागतो. दोन मोजणारे तो एकाच जागी ठरवतील याची खात्री नाही. रुंदी घेताना माणूस हसला किंवा त्याने श्वास जोरात घेतला तरी आकडा हलतो. म्हणजे मानवमितीत जी काही मापं होती त्यांत नासिकानिर्देशांक हे सर्वांत डळमळीत मापांपैकी एक, आणि ब्रिटिश भारतातला अधिकारी हर्बर्ट रिस्ली याने नेमकं तेच उचललं. १८९१ च्या बंगालवरच्या ग्रंथात त्याने असं मांडलं की जातीची सामाजिक पायरी नाकाच्या रुंदीच्या उलट चालते. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्तही तोच.

रिस्लीला शिव्या घालणं सोपं आहे. सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३३ मध्ये जे केलं ते जास्त शिकण्यासारखं आहे. रिस्लीचे छापील आकडे त्यांनी एकेक करून तपासले, एकमेकांशी न जुळणारे वेगळे काढले आणि दुरुस्त करून पुन्हा छापले. मानवमितीशी त्यांचा संबंध आला तो १९२० च्या नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेलने त्यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं सांख्यिकीच्या अंगाने बघायला सांगितली. आज मशीन लर्निंगमध्ये सर्रास वापरतात ते 'महालनोबिस अंतर' (१९३६), म्हणजे अनेक मापं एकत्र धरून दोन गट किती दूर आहेत ते सांगणारा आकडा, या वाटेवर जन्मलं. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी मांडलेले नासिकानिर्देशांकच घेतले आणि त्यांतून उलट निष्कर्ष काढला, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. एकाच तक्त्यावरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात तेव्हा इतिहासकाराने तक्त्यापाशी थांबायचं असतं. कोणाची बाजू न्याय्य होती हे ठाऊक असूनही, माप कितपत भार पेलू शकत होतं हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

तो भार मोजायची पद्धत जुनी आणि साधी आहे. वीस माणसं घ्या. तेच माप प्रत्येकाचं दोनदा घ्या, दुसऱ्यांदा घेताना पहिला आकडा दिसता कामा नये. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढून त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, माणसांच्या संख्येच्या दुपटीने म्हणजे चाळीसने भागा, वर्गमूळ काढा. ही मापनाची तांत्रिक चूक, मिलिमीटरमध्ये. मग हेच दोन वेगळ्या मोजणाऱ्यांकडून करून घ्या, चूक वाढलेली दिसेल. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा स्वतःच्या हाताने करावं असं मला वाटतं. नंतर 'दोन जमातींच्या सरासरीत १.५ मिलिमीटरचा फरक' असं वाक्य वाचलं की डोळे आपोआप तळटीपेकडे जातात, मापं किती जणांनी घेतली ते बघायला.

जुन्या कागदांवर दुसऱ्यांदा मोजणं शक्य नसतं. तिथे शेवटच्या अंकांची मोजणी कामी येते. दोनशे नोंदी असतील तर शेवटी शून्य ते नऊ यांपैकी प्रत्येक अंक साधारण वीसदा यायला हवा. शून्य आणि पाच मिळून चाळीसऐवजी सत्तर वेळा आले, तर मोजणारा मिलिमीटर वाचत नव्हता, पाचाच्या घरात ढकलत होता. ही मोजणी तारखेप्रमाणे लावली तर आणखी गंमत दिसते. सकाळी अंक नीट पसरलेले आणि दुपारनंतर शून्य-पाचची गर्दी असेल, तर मोजणारा दमला होता. मध्येच अचानक बदल झाला तर हस्ताक्षर बघा. बहुधा मदतनीस बदललेला असतो. छापील अहवालात त्या मदतनिसाचं नाव कुठेच नसतं.

गाल्टनचीच प्रयोगशाळा घ्या. १८८४ च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्याने ३६ फूट लांब, ६ फूट रुंद जागा जाळीने बंदिस्त करून मानवमितीची खोली उभारली. आत येणाऱ्याने तीन पेनी द्यायचे. उंची, बसून उंची, वजन, हातांचा पसारा, श्वासाचं बळ, पकड, नजर, श्रवण अशी सतरा मापं व्हायची. माणसाला कार्ड मिळायचं, प्रत गाल्टनकडे राहायची. ९,३३७ माणसं मोजली गेली. ठोशाचं बळ मोजायच्या यंत्राचा दांडा लोक वाकडा ठोसा मारून मोडायचे, मनगटं दुखावून घ्यायचे. डोकं मात्र मोजलंच नाही. बायकांच्या टोप्या आणि केसांचे अंबाडे आड येतील, तक्रारी होतील, अशी भीती गाल्टनने स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे डोक्याच्या आकारावरून ज्या विद्येने एवढं वादळ उठवलं, तिच्या जनकाची सर्वांत प्रसिद्ध मोजणी टोप्यांपाशी अडली. इतिहासकाराच्या कामाचा मुद्दा मात्र पैशांचा. प्रदर्शनाला जायला वेळ आणि वर तीन पेनी खर्चायची हौस असलेलेच लोक या ९,३३७ मध्ये आहेत. ही लंडनची लोकसंख्या नव्हे.

आई-बाप आणि मुलांच्या उंचीवरचा त्याचा तक्ताही असाच. सरासरीकडे परतण्याची, म्हणजे रिग्रेशनची कल्पना तिथून आली. २०५ जोडपी, ९२८ वाढलेली मुलं. ही माणसं गाल्टनने मोजली नव्हती. १८८४ मध्ये ५०० पौंडांची बक्षिसं जाहीर करून त्याने घरोघरच्या नोंदी मागवल्या, लोकांनी भरून पाठवल्या. मूळ वह्यांत काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसते 'उंच', 'बुटकी' असे शब्द आहेत. बायकांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापात आणलेली आहे, म्हणजे ६३ इंच उंचीची आई तक्त्यात ६८ इंचांची होते. मग इंचाइंचाचे गट. एवढं सगळं होऊनही त्याचं मुख्य गणित टिकतं, आई-बापांच्या सरासरीपासूनच्या विचलनाच्या दोन तृतीयांश विचलन मुलांत दिसतं. विद्यार्थ्यांना हे पचत नाही. चुकीच्या हेतूने निघालेल्या माणसाच्या हाती बरोबर गणित लागू शकतं आणि आज आपण रोज वापरतो ती सांख्यिकी बऱ्याच अंशी अशीच आली आहे.

कवट्यांच्या वादात हेच जास्त ठळक दिसतं, म्हणून तिथे जरा थांबतो. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने कवट्या भरून त्यांची धारणक्षमता मोजली. आधी चाळलेलं बी वापरलं. बी हलकं, लहानमोठं, आणि दाबलं तर जास्त मावतं. त्यामुळे एकच कवटी दोनदा मोजली की आकडे जुळेनात. मग त्याने एक अष्टमांश इंचाच्या शिशाच्या गोळ्या घेतल्या. त्या दबत नाहीत, त्यामुळे आकडे स्थिरावले. १९७८ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी बी आणि गोळ्या या दोन आकडेवाऱ्यांची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा, की बी वापरताना मॉर्टनने नकळत गोऱ्यांच्या कवट्या ठासून भरल्या आणि काळ्यांच्या सैल ठेवल्या. हे उदाहरण वर्गावर्गांत शिकवलं गेलं. २०११ मध्ये एका गटाने त्याच संग्रहातल्या कवट्या पुन्हा मोजल्या आणि मॉर्टनची मोजणी बहुतांशी बरोबर निघाली. वृत्तपत्रांना मथळा मिळाला, पूर्वग्रह गूल्ड यांचाच होता म्हणून. त्यावर पुन्हा प्रतिवाद झाले.

मग २०१८ मध्ये पॉल वुल्फ मिचेल या अभ्यासकाने मॉर्टनच्या हस्तलिखित नोंदी शोधून काढल्या आणि त्याच काळातल्या हायडेलबर्गच्या फ्रीडरिश टीडेमानशी तुलना केली. टीडेमान कवट्यांत बाजरीसारखं बारीक धान्य भरून त्याचं वजन करायचा. दोघांच्या आकड्यांत विशेष फरक नव्हता. पण मॉर्टनने गटागटाची सरासरी काढून उतरंड लावली, टीडेमानने प्रत्येक गटाचा लहानात लहान ते मोठ्यात मोठा असा पल्ला पाहिला. पल्ले एकमेकांवर पसरलेले दिसले आणि त्याने १८३६ मध्ये लिहिलं की असा काही भेद नाही. टीडेमान गुलामगिरीच्या विरोधात होता. मोजणारा हात दोघांचाही स्वच्छ होता. फरक कुठल्या रकान्याची बेरीज केली यात होता. गूल्ड यांचा संशय रास्त होता, पण त्यांनी बोट ठेवलं ते चुकीच्या पायरीवर, आणि ते उघडकीला यायला चाळीस वर्षं गेली. हस्तलिखित कोणी उघडलं नव्हतं.

कच्चे आकडे छापणारा माणूस या क्षेत्रात दुर्मिळ. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआसने अमेरिकेच्या इमिग्रेशन कमिशनसाठी स्थलांतरित आणि त्यांची मुलं मिळून सुमारे १८,००० जणांना मोजलं. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आई-बापांपेक्षा बदलतो, पूर्व युरोपातल्या ज्यूंची डोकी थोडी लांबट होतात आणि सिसिलीच्या लोकांची थोडी रुंद, असं त्याने १९११ मध्ये दाखवलं. वंशाची खूण म्हणून ज्या आकाराला अढळ मानत होते तो एका पिढीत हलला. १९२८ मध्ये त्याने सगळे आकडे छापून टाकले. त्यामुळेच २००२ आणि २००३ मध्ये दोन गटांना तेच आकडे संगणकावर चढवून वाद घालता आला. बदल फार किरकोळ आहे असं एकांचं म्हणणं, बोआस मुळात बरोबर होता असं दुसऱ्यांचं. मला दुसरा गट पटतो.

मोजमापाकडून वंशावळीकडे आलं की अडचणींची जात बदलते. न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हनपोर्टने १९१० मध्ये युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस उघडलं, हॅरी लाफलिन तिथला अधीक्षक. उन्हाळ्यात प्रशिक्षण घेतलेल्या, बहुतेक तरुण मुलीच, फील्डवर्कर म्हणून घरोघर आणि संस्थांमध्ये जायच्या. त्या आणत ती माहिती कार्डांवर, आणि प्रत्येक गुणाला आकडा. ४५९८ म्हणजे बुद्धिबळ खेळण्याची क्षमता. चार हा मानसिक गुण, पाच म्हणजे सर्वसाधारण बुद्धी, नऊ म्हणजे खेळातलं कौशल्य, आठ म्हणजे बुद्धिबळ. ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी माणसं लावलेली. गुणाला खण दिला की तो रक्तातून उतरतो हे गृहीतच धरलं जायचं, ते कुणी सिद्ध करत बसलं नाही.

वंशावळीचा तक्ता वाचताना चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री. आत इंग्रजी अक्षरं. एफ म्हणजे मंदबुद्धी, एन म्हणजे सामान्य, ए म्हणजे दारुडा. प्रत्येक काळ्या चौकोनाला तीन प्रश्न विचारायचे. नोंद झाली तेव्हा हा माणूस जिवंत होता का? फील्डवर्करने त्याला पाहिलं का? नसेल तर कोणी सांगितलं? आपल्या तक्त्यात 'पाहिलेलं', 'ऐकलेलं', 'अंदाज' असा रकाना वाढवला की अर्ध्याहून अधिक चौकोनांचा काळा रंग उतरू लागतो. मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्डने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅलिकॅक घराण्याच्या 'वाईट' शाखेत ४८० वंशज होते. त्यांपैकी १४३ मंदबुद्धी, ४६ सामान्य. उरलेल्या २९१ जणांबद्दल निश्चित काहीच कळलेलं नव्हतं. ज्या ग्रंथाने अमेरिकेत आनुवंशिक मंदपणाची धास्ती घातली, त्यातली साठ टक्के माणसं 'माहीत नाही' या रकान्यात आहेत, आणि हे त्याच ग्रंथात छापलेलं आहे. बरेचसे मंदबुद्धी ठरवलेले लोक तर कधीच वारलेले होते.

या अक्षरांचं भाषांतर हीसुद्धा डोकेदुखी. इडियट, इंबेसाइल, मोरॉन हे तेव्हा शिव्या नव्हते, निदानाचे वर्ग होते. 'मोरॉन' हा शब्द गॉडर्डनेच १९१० मध्ये आणला, आठ ते बारा मानसिक वय असलेल्या प्रौढांसाठी. मराठीत तिन्हींना 'मतिमंद' म्हटलं की वर्गवारीच पुसली जाते आणि 'दिव्यांग' म्हटलं तर त्या काळाचा निर्दयपणा धुऊन निघतो. मूळ शब्द देवनागरीत ठेवून एकदाच व्याख्या द्यावी, हे त्यातल्या त्यात बरं.

आनुवंशिकीचं गणितही हाताने करून बघायला हवं. समजा एक दोष अप्रभावी जनुकाने येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो, आणि शंभरात एकाला आहे. ज्यांना दोष आहे त्या सगळ्यांना मूल होऊ दिलं नाही तर किती पिढ्यांत तो हजारात एक होईल? शंभराचं वर्गमूळ १०, हजाराचं ३१.६, वजाबाकी केली की जवळपास २२ पिढ्या. दहा हजारात एक व्हायला १०० वजा १०, म्हणजे ९० पिढ्या. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर सव्वादोन हजार वर्षं. कारण जनुक बहुतेक करून वाहकांत दडलेलं असतं. शंभरात एक रोगी असेल तेव्हा अठरा वाहक धडधाकट हिंडत असतात, आणि दोष विरळ होत जातो तसं हे प्रमाण आणखी बिघडतं. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनाल्ड पनेटने हे १९१७ मध्येच मांडलं. व्हर्जिनियाचा नसबंदी कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल खटल्यात उचलून धरला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, आठ विरुद्ध एक मतांनी. जर्मनीचा कायदा १९३३ चा. तेव्हा 'त्यांना विज्ञान माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. गणित छापलेलं होतं.

बक खटला कॅरी बक या तरुणीच्या नसबंदीवरून झाला. त्यात तिच्या घरातल्या तीन पिढ्या मंदबुद्धी असल्याचं सांगितलं गेलं. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन, तपासली तेव्हा जेमतेम सात महिन्यांची. रेकॉर्ड ऑफिसच्या माणसाने तिला पाहिलं आणि तिच्यात काहीतरी कमी असल्याचं सांगितलं. कायद्याचे इतिहासकार पॉल लोंबार्डो यांनी पुढे तिच्या शाळेतल्या नोंदी शोधल्या. वागणुकीत ए, बाकी विषयांत बी-सी, गणितात डी, आणि एप्रिल १९३१ मध्ये शाळेच्या गुणवंतांच्या यादीत नाव. १९३२ मध्ये, आठ वर्षांची असताना ती वारली. या खटल्यावर जे काही लिहिलं गेलं त्यात हे प्रगतिपुस्तक सर्वांत जड आहे आणि ते सापडलं युजेनिक्सच्या दफ्तराबाहेर. म्हणून शाळा, चर्च, पालिका, दवाखाना यांची दप्तरं यादीत पहिल्या दिवसापासून ठेवायची.

अर्काइव्हचं सांगायचं तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गाल्टनची कागदपत्रं, फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत डेव्हनपोर्टची, मिसुरीतल्या ट्रूमन स्टेट विद्यापीठात लाफलिनची, बर्लिनच्या डालेममध्ये माक्स प्लांक सोसायटीची. गाल्टन, आनुवंशिकीतज्ज्ञ लायोनेल पेनरोज आणि युजेनिक्स सोसायटीचा बराच भाग वेलकम कलेक्शनने ऑनलाइन ठेवला आहे, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी तो संपवा. परवानग्यांना वेळ लागतो. जर्मनीत एखाद्या व्यक्तीची फाइल तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी खुली होते, मृत्यूची तारीख ठाऊक नसेल तर जन्मापासून शंभर वर्षांनी. अमेरिकेत आरोग्यविषयक माहितीला मृत्यूनंतर पन्नास वर्षं संरक्षण आहे. जुनं जर्मन हस्ताक्षर वाचायला वेगळं शिकावं लागतं, छापील जर्मन येणं पुरत नाही. आकडे उतरवताना एका रकान्यात कागदावर जसं आहे तसं, खोडाखोडीसकट, आणि शेजारच्या रकान्यात मिलिमीटरमध्ये बदललेलं. दोन्ही एकाच रकान्यात घातलं की सहा महिन्यांनी इंच कुठले आणि सेंटिमीटर कुठले हे देवालाही सांगता येत नाही.

नोकऱ्या थोड्या. विज्ञानाच्या इतिहासाचे विभाग कमी, काही जागा वैद्यकीय महाविद्यालयांत. अलीकडे संग्रहालयांत मात्र या कौशल्याला मागणी आहे, कारण वसाहतींतून आणलेल्या कवट्या कुणाच्या हे ठरवून त्या परत करायच्या आहेत. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने २०११ मध्ये वीस कवट्या नामिबियाला परत दिल्या. बर्लिनमधल्या अशा संग्रहांशी आपल्याकडचं एक नाव जोडलेलं आहे. इरावती कर्वे तिथे वंशस्वच्छतेचा पुरस्कार करणाऱ्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्यांच्या दोन बाजूंतली असमानता मोजत होत्या. ती असमानता वंशावर ठरत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला, गाइडच्या मनाविरुद्ध. कॅलिपर मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्राची मानवमिती त्यांनी प्रसिद्ध केली.

कवटीची ओळख पटवण्याचं काम असं चालतं. हाडावर शाईने लिहिलेले आकडे असतात, बहुधा एकाहून जास्त, प्रत्येक मालकाचा वेगळा. शाईचा रंग आणि अक्षराचं वळण पाहून ते मागे-पुढे लावायचे, मग जमा-वहीतली नोंद, मग पाठवणाऱ्याचं पत्र, मग गाव. जर्मन पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सुमारे ११०० कवट्यांवर बर्लिनमध्ये असं काम झालं आणि २०२३ मध्ये त्यांतल्या काहींचा डीएनए टांझानियात हयात असलेल्या नातलगांशी जुळला. एका कवटीवर गोळा करणाऱ्याने 'अकिडा' असा शब्द लिहून ठेवला होता. चाग्गा लोकांचा राजा मांगी मेली याच्या मोठ्या सल्लागाराची ती पदवी. त्या शब्दावरून घराणं सापडलं, आणि घराण्यातल्या माणसांचे नमुने घेतल्यावर जुळणी पूर्ण निघाली.